एकच नाव, अनेक लेखक: पाटील-पवारांचे संशोधनलेखन नेमके कसे शोधावे

गौरवग्रंथाला जोडायची लेखनसूची असो, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, अहवालासाठी विभागाने मागितलेली शोधनिबंधांची यादी असो किंवा पीएच.डी.साठी पूर्वसंशोधनाचा आढावा असो, कोल्हापुरात हे काम हाती घेतले की पहिली अडचण आडनावाची येते. गूगल स्कॉलर या संशोधनलेखनाच्या शोधयंत्रात ‘एस. एस. पाटील’ एवढेच रोमन लिपीत टाकले, तर पातळ थरांचे भौतिकशास्त्र, उसावरील कीड, दंतवैद्यक, सहकार आणि संगणकशास्त्र असे सगळे एकाच नावाखाली पुढ्यात येऊ शकते. हे एका व्यक्तीचे लेखन नव्हे, हे कोणालाही कळते. पण त्यातले नेमके कोणते निबंध आपल्याला हव्या असलेल्या पाटलांचे, हे ठरवायला पद्धत लागते. तिचा गाभा असा की नाव हा सर्वांत कच्चा पुरावा आहे, आणि म्हणून नावापासून निबंधांकडे न जाता, ज्याबद्दल तिळमात्र शंका नाही अशा एका कृतीपासून सुरुवात करून तिच्याभोवतीचा परिसर हळूहळू धुंडाळावा.

आधी एक पक्की नोंद

पक्की नोंद म्हणजे अशी कृती, जिच्यावर लेखकाचे पूर्ण नाव, संस्था आणि वर्ष या तिन्ही गोष्टी छापलेल्या आहेत आणि त्या आपल्याला अन्य मार्गाने ठाऊक असलेल्या माहितीशी जुळतात. लेखक विद्यापीठीय असेल, तर पीएच.डी.च्या प्रबंधाइतकी चांगली पक्की नोंद दुसरी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक केले, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात शिवाजी विद्यापीठाचे प्रबंधही पाहता येतात. तेथे संशोधकाच्या नावाने शोध घ्यावाच. पण त्याच बैठकीत मार्गदर्शकाच्या नावानेही घ्यावा, कारण एकाच मार्गदर्शकाचे विद्यार्थी पुढे एकमेकांचे सहलेखक होतात आणि ती यादी नंतर फार उपयोगी पडते. नोंदीत दिसणारी तारीख प्रबंध भांडारात चढवल्याची आहे की प्रबंध पूर्ण झाल्याची, हे पाहून घ्यावे. या दोहोंत काही वर्षांचे अंतर असू शकते, आणि चुकीची तारीख धरली की लेखकाचा सगळा कालक्रम सरकतो.

प्रबंध उघडल्यावर मुख्य प्रकरणे बाजूला ठेवावीत. आपल्याला हवी आहेत ती मुखपृष्ठानंतरची काही पाने आणि शेवटची काही पाने. प्रतिज्ञापत्रावर नाव तिन्ही भागांसह असते, प्रमाणपत्रावर मार्गदर्शक आणि विभाग असतो, ऋणनिर्देशात प्रयोगशाळेतील सोबत्यांची नावे असतात, आणि शेवटी पुष्कळदा प्रकाशित निबंधांची यादी जोडलेली असते. ही यादी लेखकाने स्वतः दिलेली आणि मार्गदर्शकाच्या सहीखाली गेलेली असल्यामुळे कोणत्याही संगणकीय सूचीपेक्षा अधिक विश्वसनीय धरावी. शोधगंगेवर प्रकरणे वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. तेव्हा पहिली आणि शेवटची फाइल उघडायला विसरू नये.

प्रबंध मराठीत असेल तर एक अडचण लक्षात ठेवावी. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पीडीएफमध्ये डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाला तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ वाटतो. त्यामुळे आतल्या मजकुरात शोध घेऊन काही सापडले नाही, म्हणजे ते नाव तेथे नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. अशा फाइली पाने उलटून वाचाव्या लागतात. त्याला पर्याय नाही.

आता एका कागदावर पूर्ण नाव, विषय शक्य तितक्या नेमक्या शब्दांत, मार्गदर्शक, सहलेखक आणि कोणत्या वर्षी कोणती संस्था एवढे मांडावे. ‘रसायनशास्त्र’ असे लिहून भागत नाही; ‘गॅस सेन्सरसाठी धातूंच्या ऑक्साइडचे पातळ थर’ असे लिहिले तरच त्याच विभागातला दुसरा पाटील वेगळा पडतो.

नावाची रूपे

मराठी नाव रोमन लिपीत गेले की त्याला फाटे फुटतात. जाधव हे नाव शेवटी ‘व्ही’ घेते किंवा विदर्भाच्या बाजूला ‘ओ’ घेते, चव्हाण कधी ‘एच’सह, कधी त्यावाचून, कधी ‘डब्ल्यू’ने लिहिले जाते, भोसले, कांबळे, घोरपडे यांत मधला ‘ए’ कधी असतो, कधी नसतो. कोल्हापुरात तर पवार आणि पोवार ही दोन्ही आडनावे गल्लोगल्ली आहेत, आणि पोवार कुटुंबातल्या एखाद्याचे नाव बाहेरच्या संपादकाने ‘दुरुस्त’ करून पवार छापण्याची शक्यता कायम असते. देवनागरीतही सुटका नाही. हिंदी वळणाच्या सूचींत पाटील हे नाव ऱ्हस्व ‘टि’ने येते, आणि कुऱ्हाडे किंवा गोऱ्हे यांसारख्या नावांतला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकता येत असल्याने, दिसायला अगदी एकसारखी असलेली दोन नावे संगणक भिन्न मानू शकतो. उपाय सोपा आहे: ते अक्षर वगळून नावाचा उरलेला भाग आणि विषयातला एखादा शब्द टाकून पाहावे.

याहून मोठा घोळ नावाच्या क्रमाचा आहे. आपल्याकडे हजेरीपटावर आणि मतदारयादीत आडनाव आधी लिहिण्याची सवय आहे, आणि ‘पाटील सुनील शंकर’ असे नाव निबंधावर छापले गेले, तर शेवटचा शब्द हेच आडनाव असे मानणारी सूची त्याची ‘शंकर, पी. एस.’ अशी नोंद करून मोकळी होते. म्हणून प्रत्येक शोधात वडिलांचे नाव आडनावाच्या जागी ठेवून एकदा तरी पाहावे. हा शोध बहुतेक जण घेत नाहीत, आणि हरवलेले निबंध नेमके तेथे असतात.

स्त्री संशोधकांच्या बाबतीत लग्नानंतर नावाच्या तीन भागांपैकी दोन बदलू शकतात. प्रबंध माहेरच्या नावाने आणि पुढील निबंध सासरच्या नावाने, किंवा दोन्ही आडनावे जोडून, अशी स्थिती असली तर आद्याक्षरांवरून काहीच सिद्ध होत नाही. येथे दुवा सहसा मार्गदर्शक असतो: मार्गदर्शकासह लिहिलेले सर्व निबंध वर्षवार लावले की एक नाव जेथे थांबते आणि त्याच विषयावर दुसरे नाव जेथे सुरू होते, तो सांधा दिसू लागतो. तो दिसला म्हणजे सिद्ध झाला असे नव्हे. पण कोठे पाहायचे ते कळते. पदव्या आणि आदरार्थी जोडही तपासावेत. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘सौ.’, ‘कै.’ हे नावाचाच भाग म्हणून सूचीत बसलेले असतात, आणि ‘जयसिंग’ व ‘जयसिंगराव’ ही संगणकाच्या लेखी दोन माणसे असतात.

लेखकाचे नाव लेखकाच्याच रकान्यात

मोरे, माने, दाते, काळे, गोरे, साने ही आडनावे रोमन लिपीत लिहिली की इंग्रजीतले रोजचे शब्द होतात, आणि साध्या शोधात त्यांचा पार चुराडा होतो. १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची करणारे शंकर गणेश दाते यांचे आडनाव इंग्रजीत तारखेच्या शब्दाशी जुळावे, हा सूचिकाराच्या वाट्याला आलेला गमतीदार योगायोगच म्हणायचा. पाटलांची अडचण आणखी वेगळी आहे. डी. वाय. पाटील यांच्या नावाच्या शिक्षणसंस्था कोल्हापूर, पुणे आणि नवी मुंबई येथे आहेत, त्यामुळे ‘पाटील’ आणि ‘कोल्हापूर’ असे दोन शब्द टाकले की ज्यांच्या लेखकांत एकही पाटील नाही असे निबंधही केवळ पत्त्यामुळे निकालात येतात.

म्हणून नाव नेहमी लेखकाच्या रकान्यातच शोधावे. गूगल स्कॉलरमध्ये लेखक या अर्थाचा ‘ऑथर’ हा इंग्रजी शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम, आणि मध्ये जागा न सोडता दुहेरी अवतरणचिन्हांत आद्याक्षरांसह नाव असे लिहावे. त्यापुढे विषयातला एखादा दुर्मीळ शब्द जोडावा. जो शब्द त्या क्षेत्राबाहेर कोणी वापरत नाही, तोच कामाचा. नको असलेल्या पाटलांचा विषय वजा चिन्ह लावून वगळता येतो, पण ते हात राखून करावे, कारण त्याच शब्दामुळे आपल्या लेखकाचा एखादा आडवळणाचा निबंधही गळतो. कोणत्याही एका शोधाचे एक हजारांपुढचे निकाल गूगल स्कॉलर दाखवत नाही. तेव्हा मोठा शोध वर्षांच्या तुकड्यांत विभागून घ्यावा.

वैद्यक आणि जीवशास्त्रासाठी पबमेड ही निबंधसूची वापरताना आडनाव आणि आद्याक्षरे विरामचिन्हांवाचून लिहून पुढे चौकटी कंसात ‘एयू’ ही दोन रोमन अक्षरे टाकावीत. एकच आद्याक्षर दिले तर त्या अक्षराने सुरू होणाऱ्या सर्व जोड्या निकालात येतात. तेवढेच आद्याक्षर हवे असल्यास नाव अवतरणांत ठेवावे. पूर्ण नावाने शोध घेण्याची सोय पबमेडमध्ये २००२ पासूनच्या नोंदींपुरती आहे, आणि जुन्या नोंदींत पत्ता फक्त पहिल्या लेखकाचा असतो. म्हणजे १९९५ च्या निबंधातील तिसऱ्या क्रमांकाचे पाटील कोल्हापूरचे होते की धारवाडचे, हे नोंदीवरून कळणार नाही. मूळ पान पाहावे लागेल. भौतिकशास्त्र आणि गणितासाठी १९९१ पासून चालू असलेले ‘आर्काइव्ह’ हे निबंधांचे खुले भांडार आहे, पण तेथे नाव लेखकाने जसे दिले तसेच राहते. गणितात अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची मॅथसाइनेट ही सूची लेखकांची ओळख पटवण्याचे काम जाणीवपूर्वक करते, आणि ग्रंथालयातून ती मिळत असेल तर गणितज्ञाचा शोध तेथूनच सुरू करावा. मानव्यविद्यांसाठी जेस्टोर हे नियतकालिकांचे भांडार उपयोगी; मात्र तेथे ग्रंथपरीक्षणाच्या नोंदीत परीक्षक आणि परीक्षित ग्रंथाचा लेखक अशी दोन्ही नावे येतात, आणि घाईत परीक्षण मूळ लेखकाच्याच नावावर जमा होते.

ओळख क्रमांकांवर किती विसंबावे

२०१२ मध्ये सुरू झालेल्या ऑर्किड या संशोधकांच्या ओळखनोंदणीचा सोळा स्थानांचा क्रमांक हा समान नावांवरचा सर्वांत सरळ इलाज आहे, आणि निबंधावरच तो छापलेला असेल तर पुष्कळ कष्ट वाचतात. तरी दोन गोष्टी तपासाव्यात. क्रमांक विनामूल्य मिळत असल्याने एकाच व्यक्तीने विसरून दोनदा नोंदणी केलेली असू शकते. आणि पानावरील प्रत्येक कृतीखाली ती कोठून आली याचा स्रोत दिलेला असतो, तो वाचावा. प्रकाशकाने निबंध स्वीकारताना जोडलेली नोंद आणि सुचवलेल्या यादीवर एकामागून एक टिचक्या मारून ओढलेली नोंद यांचे वजन सारखे नसते. इन्फ्लिबनेटच्याच ‘विद्वान’ या तज्ज्ञसूचीत भारतीय प्राध्यापकांचे सध्याचे पद आणि संस्था मिळते. कालक्रम भरायला ती चांगली.

स्कोपस किंवा २०२२ पासून खुली असलेली ओपनअलेक्स या निबंधसूचींतील लेखकपाने बहुतांशी संगणकाने जुळवलेली असतात. त्यांत दोन प्रकारचे दोष हमखास आढळतात: दोन माणसे एका पानावर, किंवा एक माणूस तीन पानांवर. पहिला दोष अधिक वाईट, कारण तो उद्धरणांचा आकडा फुगवतो आणि फुगलेला आकडा कोणाला नको असतो? एखाद्या पानावर दंतवैद्यक आणि अर्धवाहक शेजारी शेजारी दिसले तर शंका घेणे सोपे आहे. पण शिवाजी विद्यापीठात पातळ थरांच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे, आणि एकाच प्रयोगशाळेच्या पिढ्यांत समान आद्याक्षरांचे दोन पाटील असणे अजिबात अशक्य नाही. तेथे विषय, संस्था आणि सहलेखक तिन्ही जुळूनही माणूस वेगळा असू शकतो. निर्णय वर्षांवर आणि ई-मेलच्या पत्त्यावर येऊन ठेपतो.

संस्था हा पुरावा कसा वाचावा

पत्ता वेगळा म्हणून माणूस वेगळा, हे आपल्या भागात तरी धरू नये. रयत शिक्षण संस्था आणि स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था यांच्या महाविद्यालयांतून प्राध्यापकांच्या बदल्या होतात. एकच लेखक पाच वर्षे साताऱ्यात, मग कऱ्हाडात आणि निवृत्तीपूर्वी कोल्हापुरात दिसला, तर ते तीन लेखक नव्हेत. उलट, सोलापूरसाठी स्वतंत्र विद्यापीठ २००४ मध्ये झाले. त्यापूर्वी त्या जिल्ह्यातील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाशीच संलग्न होती. तेव्हा ‘शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर’ असा उल्लेख असलेल्या १९९० च्या दशकातील लेखकाने कोल्हापुरात कधी पाऊलही ठेवलेले नसेल.

इतिहासाच्या क्षेत्रातले उदाहरण घ्यावे. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रांचे संपादन केले. इंग्रजीत त्यांचे नाव ‘ए. जी. पवार’ असे येते. डॉ. जयसिंगराव पवार हेही कोल्हापूरचेच इतिहासकार, आणि महाराणी ताराबाई हा त्यांच्याही अभ्यासाचा विषय. आडनाव, शहर, शाखा आणि विषय एवढे सगळे जुळत असताना केवळ ‘पवार, ताराबाई, कोल्हापूर’ असा शोध घेणारा दोघांचे लेखन एकत्र करून बसेल. येथे वर्ष, प्रकाशक आणि कृतीचे स्वरूप, म्हणजे संपादन की स्वतंत्र लेखन, यांवरच निवाडा करावा लागतो.

संपादकांची सूची करताना आणखी जपावे. राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवणारे प्राकृत पंडित आ. ने. उपाध्ये (१९०६–१९७५) यांचे नाव काही सूचींत आद्याक्षरांनी, काहींत ‘आदिनाथ नेमिनाथ’ असे पूर्ण, तर काहींत दीर्घचिन्हांसह येते, आणि उपाध्याय या मिळत्याजुळत्या आडनावाशी गल्लत होण्याचा धोका वेगळाच. पण खरी गोम पुढे आहे. त्यांचे मोठे काम प्राचीन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्यांचे आहे, आणि प्रवचनसार या प्राकृत ग्रंथाची आवृत्ती सूचीत लेखक म्हणून प्राचीन जैन आचार्य कुंदकुंद यांच्या नावावर लागते. फक्त लेखकाचा रकाना पाहणाऱ्याला ती दिसणारच नाही. याउलट, भारतीय ज्ञानपीठाच्या मूर्तिदेवी जैन ग्रंथमालेचे हीरालाल जैन यांच्यासह ते प्रधान संपादक होते, त्यामुळे ज्या ग्रंथांचे संपादन दुसऱ्याच विद्वानाने केले, त्यांच्या नोंदींतही उपाध्ये यांचे नाव झळकते. अशा प्रत्येक नोंदीत आतले शीर्षकपृष्ठ पाहिल्यावाचून तिला सूचीत जागा देऊ नये. इंटरनेट आर्काइव्ह या (वरील ‘आर्काइव्ह’हून वेगळ्या) संकेतस्थळावर अशा जुन्या ग्रंथांच्या प्रती पुष्कळदा मिळतात. तेथील नोंदीतले नाव, वर्ष आणि शीर्षक मात्र पडताळल्याशिवाय उतरवू नये, कारण ती माहिती भरणाऱ्याने लिप्यंतर कसेही केलेले असते.

तीन याद्या

निबंध निश्चित मानायला किमान दोन स्वतंत्र पुरावे हवेत, आणि नाव त्यांत मोजू नये. प्रबंधातील यादीत उल्लेख, ठाऊक असलेला सहलेखक, त्या वर्षी त्या संस्थेत असल्याची नोंद, छापलेला ऑर्किड क्रमांक, लेखकाने आपल्याच आधीच्या निबंधाचा दिलेला संदर्भ, हे सारे चालणारे पुरावे आहेत. यातला शेवटचा विशेष गुणाचा आहे. ‘आमच्या पूर्वीच्या कामात दाखवल्याप्रमाणे’ असे म्हणून दिलेला संदर्भ एका निबंधाला दुसऱ्याशी लेखकाच्याच शब्दाने बांधतो, आणि पक्क्या नोंदीपासून मागे मागे जाण्याची याहून चांगली वाट नाही. ‘आम्ही’मध्ये तीन-चार लेखक असतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

निश्चित, संभाव्य आणि वगळलेले अशा तीन याद्या एकाच तक्त्यात ठेवाव्यात, आणि प्रत्येक नोंदीपुढे निर्णयाचे कारण एका ओळीत लिहावे. वगळलेल्यांची यादी अनेकांना निरर्थक वाटते. माझ्या मते तीच सर्वांत मोलाची, कारण सहा महिन्यांनी तोच निबंध दुसऱ्या सूचीत पुन्हा समोर येतो आणि तेव्हा पहिल्यापासून विचार करण्याची पाळी येत नाही. नोंदी एकमेकींशी ताडताना डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, असल्यास तोच वापरावा; शीर्षकांत अक्षरांचे फेरफार होतात, क्रमांकात होत नाहीत.

नव्या सूचीत शोध घेऊनही निश्चित यादीत काही भर पडेनाशी झाली, की संगणकावरचे काम थांबवावे. मराठी नियतकालिकांतले जुने लेखन तरीही बाहेर राहिलेले असते. त्यासाठी १८५० मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आणि विद्यापीठाचे ग्रंथालय येथे जाऊन अंकांच्या अनुक्रमणिका हाताने पाहाव्यात. जाण्यापूर्वी नियतकालिकांची नावे आणि वर्षे ठरवून गेले तर तेथील कर्मचाऱ्यांनाही मदत करणे सोपे जाते.

संभाव्य यादी शेवटी लेखकाकडेच पाठवावी. ‘आपले सर्व लेखन कळवा’ असे पत्र पाठवले तर उत्तर येत नाही. दहा-बारा नोंदी देऊन प्रत्येकीपुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच मागितले तर आठवड्याभरात येते. लेखक हयात नसल्यास हाच कागद सहलेखकांना किंवा विद्यार्थ्यांना दाखवावा, आणि कुटुंबीयांकडे निबंधांच्या सुट्या छापील प्रती आहेत का ते विचारावे. तरीही जे सुटत नाही, ते सूचीत ‘कर्तृत्व अनिश्चित’ अशा स्वतंत्र शीर्षकाखाली छापावे, आणि कोणत्या सूची कोणत्या तारखेपर्यंत पाहिल्या हे पहिल्याच पानावर नमूद करावे, म्हणजे पुढच्या सूचिकाराला नेमके तेथून काम उचलता येईल.